शॉट कॉलर: जेकब मागे कधी फिरू शकला असता?

तिठा

शनिवारी रात्री 'शॉट कॉलर' दुसऱ्यांदा पाहिला आणि रविवारचा अख्खा दिवस त्याच विचारात गेला, म्हणून हा धागा. चित्रपट २०१७ चा, दिग्दर्शक रिक रोमन वॉ. पुढे सगळी कथा उघड होणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, मग या.

जेकब हार्लन कॅलिफोर्नियातला शेअर दलाल. चांगलं घर, बायको केट, लहान मुलगा. एका रात्री मित्रमंडळींसोबत जेवून परत येताना गाडी तोच चालवतोय, थोडी प्यायलेला. बोलण्याच्या नादात लाल दिवा निसटतो, धडक बसते आणि गाडीतला त्याचा जिवलग मित्र जातो. जेकब गुन्हा कबूल करून १६ महिन्यांची शिक्षा पदरात पाडून घेतो आणि चिनोच्या तुरुंगात जातो. तिथे जगायचं तर गोऱ्या कैद्यांच्या टोळीचा आसरा, आसरा हवा तर टोळीची कामं. एका दंगलीत तो एकाला भोसकताना कॅमेऱ्यात सापडतो आणि शिक्षेत नऊ वर्षं वाढतात. दहा वर्षांनी सुटतो तेव्हा अंगभर गोंदण, नाव 'मनी' म्हणजे पैसा, आणि टोळीच्या म्होरक्याचा हुकूम सोबत: बाहेर शस्त्रांचा व्यवहार उरकून द्यायचा, नाहीतर बायको आणि मुलगा. शेवटी तो स्वतःच तुरुंगात परततो, म्होरक्याला मारतो आणि त्याच्या जागी बसतो. शिक्षा आता जन्मठेपेची, पॅरोलशिवाय.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा हाणामाऱ्या लक्षात राहिल्या होत्या. या वेळी मी एकच प्रश्न धरून बसलो होतो. हा माणूस नेमका कोणत्या वळणावर मागे फिरू शकला असता?

जरा शोधलं. दारू पिऊन गाडी चालवताना कोणाचा जीव गेला तर कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम १९१.५ लागतं. घोर निष्काळजीपणा धरला तर ४, ६ किंवा १० वर्षं. तो धरला नाही आणि वर्षभराच्या आतल्या शिक्षेवरही भागलं नाही, तर १६ महिने, २ वर्षं किंवा ४ वर्षं. म्हणजे जेकबचे १६ महिने हा या तीन आकड्यांतला सगळ्यात खालचा. वकिलाच्या नजरेनं उत्तम सौदा. तिकडे बहुतेक प्रकरणं अशीच मिटतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या एका निकालात नमूद केलंय की राज्यांमधल्या १०० पैकी ९४ दोषसिद्धी आरोपीनं गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. पण हे १६ महिने कुठे आणि कोणाच्या शेजारी काढायचे, याबद्दल त्या सौद्यात एक शब्द नसतो. जेकबची खरी शिक्षा तिथून सुरू होते असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? कोणता क्षण?


काजवा

माझं उत्तर सरळ आहे. अमली पदार्थ शरीरात लपवून न्यायला तो तयार होतो, तो क्षण. पहिल्या दिवशी यार्डात, म्हणजे तुरुंगाच्या मोकळ्या आवारात, हात उचलला ते समजू शकतो, मार खाऊन मरण्यापेक्षा मारलेलं बरं. पण त्यानंतर त्यानं सोय पाहिली. त्याला वाटलं, एवढं एक काम करू आणि मोकळे होऊ. टोळीत एक काम नावाचा प्रकारच नसतो. जेकब आकड्यांत हुशार होता, जोखीम मोजणं हाच त्याचा धंदा होता. त्याला हे कळलं नाही यावर माझा विश्वास बसत नाही.


खिडकीपाशी

केटबद्दल कोणी लिहिणार आहे का? तो बायको-मुलाला दूर लोटतो ते त्यांच्या भल्यासाठी, असं चित्रपट आपल्या गळी उतरवतो. मी तो प्रसंग दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मला केटचा राग आला नाही, जेकबचा आला. निर्णय तिच्या आयुष्याचा, आणि घेतला त्यानं.

मागे फिरण्याचा क्षण मला तिथे दिसतो. घरच्यांपैकी एक माणूस नियमानं भेटायला येत असेल तर टोळीपलीकडे काहीतरी उरतं. त्यानं तेच कापून टाकलं.


वाटसरू

तिठा, धागा वाचून राहवलं नाही. या विषयावर गेली काही वर्षं वाचतोय, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

काजवा म्हणतो सोय पाहिली. मला ते पटत नाही, कारण 'नको' म्हणण्याची किंमत आपण इथे बसून मोजतोय. या टोळ्या मुळात कशासाठी उभ्या राहिल्या ते पाहिलं की जेकबचं वागणं वेगळं दिसायला लागतं.

मेक्सिकन माफिया १९५७ मध्ये ट्रेसी गावच्या ड्यूएल तुरुंगात सुरू झाली, मेक्सिकन वंशाच्या तरुण कैद्यांची. गोऱ्यांची आर्यन ब्रदरहूड १९६० च्या दशकात सॅन क्वेंटिन तुरुंगात. काळ्यांची ब्लॅक गेरिला फॅमिली त्याच दशकात, जॉर्ज जॅक्सन या कैद्याच्या पुढाकारानं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या, बऱ्याचशा शेतमजूर घरांतून आलेल्या कैद्यांची न्युएस्त्रा फॅमिलिया पुढे मेक्सिकन माफियाच्या विरोधात उभी राहिली. आजही मेक्सिकन माफियाच्या बाजूचे दक्षिणेचे सुरेन्यो १३ आकडा गोंदवतात, कारण 'एम' हे तेरावं अक्षर, आणि न्युएस्त्रा फॅमिलियाच्या बाजूचे उत्तरेचे नॉर्तेन्यो १४, कारण 'एन' चौदावं.

त्याआधी तुरुंगात टोळ्या नव्हत्या, कैद्यांचा एक अलिखित कायदा होता. चुगली करू नको, उसनं घेतलंस तर फेड, दुसऱ्याच्या भानगडीत पडू नको. माणसं थोडी असली, एकमेकांना ओळखत असली की तेवढ्यावर भागतं. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत १९८० मध्ये साधारण २५,००० कैदी होते. २००६ मध्ये १,७०,००० च्या वर. इमारतींची क्षमता ८०,००० च्या आसपास. व्यायामशाळांत तीन मजली खाटा लावून माणसं झोपवली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे अमानुष ठरवलं आणि कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत उतरवायला लावली. लक्षात घ्या, उतरवून १३७.५.

एवढ्या अनोळखी गर्दीत कोण कर्ज बुडवतो, कोण खबऱ्या आहे, कोणावर विश्वास ठेवायचा, हे कोण सांगणार? डेव्हिड स्कार्बेक नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं हे फार नीट मांडलंय. त्याच्या मते तुरुंगातली टोळी म्हणजे एक प्रकारचं सरकार. ती एकट्या माणसाची पत तपासत नाही, गटाला जबाबदार धरते. तुमच्या माणसानं उधारी बुडवली तर तुम्ही भरा किंवा तुम्हीच त्याला शिक्षा करा. यार्डात याला 'कार' म्हणतात. तुम्ही कोणाच्या गाडीत आहात? गोरा असाल तर गोऱ्यांच्या. पायी चालणारा माणूस तिथे नसतो. नवा माणूस आला की त्याचं 'पेपरवर्क' मागतात, म्हणजे न्यायालयाचे कागद. गुन्हा काय, कोणाविरुद्ध साक्ष दिलीस का. दुसऱ्या वंशाच्या माणसाच्या ताटातलं खायचं नाही, त्याच्याकडून उसनं घेताना गटाला विचारायचं. मोडलंस तर तुझीच माणसं मारणार.

आणि हे फक्त कैद्यांनी केलं असंही नाही. नव्यानं आलेल्या कैद्यांना वंश पाहून कोठड्या देण्याची पद्धत तुरुंग खात्याचीच होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या पद्धतीला सगळ्यात कडक घटनात्मक कसोटी लागेल. ऑगस्ट २००९ मध्ये चिनोतच, म्हणजे जेकबला जिथे पाठवलं तिथेच, वांशिक दंगल होऊन दीडशेहून जास्त कैदी जखमी झाले, एक बराक जळाली. चित्रपटातली दंगल अतिरंजित वाटली असेल त्यांच्यासाठी हे.

आता तिठाचा प्रश्न. सुटल्यावरही तो हुकूम का पाळतो? मेक्सिकन माफियाचे पक्के सभासद काही शे असतील, पण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांवरच्या टोळ्या तिला विक्रीतला वाटा पोचवतात. तुरुंगात बसलेल्या माणसाला बाहेरचा का घाबरतो? कारण बाहेरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आज ना उद्या आपण किंवा आपला भाऊ आत जाणार, आणि तिथे राज्य त्यांचं आहे. जेकबचं तेच. तो बाहेर आला म्हणून त्या राज्याच्या हद्दीबाहेर गेला नाही.


काजवा

वाटसरू, हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवसाबद्दल आपलं एकमत आहेच. तरीही दंगलीत समोरच्याला भोसकणं आणि उधारीचा नियम पाळणं यात अंतर आहे. सरकार म्हटलं की एक प्रतिष्ठा येते, ती मला द्यायची नाही.


वाटसरू

मान्य. सरकार म्हटलं म्हणजे चांगलं म्हटलं असं नाही. कर घेतं, शिक्षा देतं, हद्द राखतं, एवढ्याच अर्थानं.


अबोली

मी इथे सगळ्यांपेक्षा जास्त अस्वस्थ आहे, आणि कारण वेगळं आहे.

जेकबच्या अंगावर काय गोंदलंय ते कोणी लिहिलं नाही. तो गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीत जातो आणि दोन तास आपण त्याच्यासाठी श्वास रोखून बसतो. ती चिन्हं त्याच्या कातडीवर आहेत, त्याच्या मनात आहेत का हे चित्रपट एकदाही विचारत नाही. काळ्या कैद्यांना या कथेत चेहरेच नाहीत. पॅरोल अधिकारी कचर काळा आहे, तो चांगला रंगवलाय, तेवढाच.

आणि प्रत्यक्षात काय घडलं? आर्यन ब्रदरहूडच्या म्होरक्यांवर २००६ मध्ये सांता आना इथे संघराज्याचा खटला चालला. त्यात पुढे आलं की १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या सगळ्यात कडेकोट तुरुंगातून एक साधं पत्र निघालं, त्यात लघवीनं लिहिलेला अदृश्य मजकूर होता, आणि तो निरोप पेनसिल्व्हेनियातल्या लुइसबर्ग तुरुंगात पोचल्यावर दोन काळे कैदी मारले गेले. त्या दोघांचा या भांडणाशी वैयक्तिक संबंध काय होता? कातडीचा रंग. हे सगळं 'जगण्याची धडपड' या शब्दांत बसवणं मला जमत नाही.


वाटसरू

अबोली, तुमचा मुद्दा खोडायचा नाही, त्यात भर घालतोय. हीच टोळी मेक्सिकन माफियाशी वर्षानुवर्षं हातमिळवणी करून आहे. धंदा आला की वंशाची शुद्धता बाजूला. चित्रपटातही शस्त्रं सुरेन्योंनाच विकायची असतात. म्हणजे द्वेष खोटा होता असं नाही. शिपायांसाठी तो खरा, म्होरक्यांसाठी तो भरतीचा मार्ग. आणि मेले ते खरेच मेले.


तिठा

अबोली, मी गोंदणाचा उल्लेख केला आणि काय गोंदलंय ते लिहिलं नाही. बरोबर पकडलंत. लिहिताना मला ते 'तुरुंगाची खूण' एवढंच दिसलं होतं. एखाद्या काळ्या प्रेक्षकाला ते तसं दिसणार नाही, हे मनात यायला हवं होतं.


पारिजात

मी कॅलिफोर्नियात राहते. गेली सहा वर्षं आठवड्यातून एक संध्याकाळ सुटून आलेल्या लोकांना संगणक शिकवते. संस्थेचं नाव देत नाही, माणसांची तर नाहीच.

आधी तिठाच्या प्रश्नाबद्दल. एक दार होतं, ते चित्रपट दाखवत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या तुरुंगांत वेगळी यार्डं, म्हणजे वेगळे विभाग, सुरू झाले, 'सेन्सिटिव्ह नीड्स' नावाचे. टोळी सोडलेले, खबरी दिलेले, लैंगिक गुन्ह्यातले, जीवाला धोका असलेले तिथे जायचे. जेकबसारखा पहिल्यांदाच आत आलेला, छोट्या शिक्षेचा माणूस पहिल्याच दिवशी संरक्षण मागू शकतो. माझ्या वर्गातल्या दोघांनी तेच केलं होतं. पण एकदा मागितलं की नाव कायमचं चिकटतं. पुन्हा साध्या यार्डात पाठवलं तर मार ठरलेला. आणि पुढे या यार्डांत इतकी गर्दी झाली की तिथेही नव्या टोळ्या उभ्या राहिल्या. टोळीतून पळून आलेल्यांनी बांधलेल्या टोळ्या! २०१८ पासून खात्यानं दोन्ही प्रकारचे कैदी एकत्र ठेवायला सुरुवात केली, त्यातून किती मारामाऱ्या झाल्या ते आम्ही माणसांच्या तोंडून ऐकलंय.

म्होरक्यांना अडकवायचं दार तर आणखी वाईट होतं. पेलिकन बे तुरुंग १९८९ मध्ये उघडला, ओरेगॉनच्या हद्दीजवळ. लॉस एंजेलिसहून हजार किलोमीटरहून दूर. खिडकी नसलेली कोठडी, दिवसाचे साडेबावीस तास आत. टोळीचा सभासद अशी नोंद झाली की मुदत नाही. नोंद कशावरून? गोंदण, चित्र, कोणाच्या तरी वहीत सापडलेलं नाव. बाहेर यायचं तर टोळीबद्दल सगळं सांगायचं. कैदी म्हणायचे, सुटका, चुगली नाहीतर मरण. २०११ मध्ये दहा वर्षांहून जास्त काळ तिथे असलेले पाचशेवर लोक होते, वीस वर्षांहून जास्त काळ असलेले ७८.

खिडकीपाशी, केटबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण या अंतराचाही विचार करा. रात्रभर गाडी चालवून जायचं आणि काचेआडून दीड-दोन तास बोलायचं. मुलाचा हात धरता येत नाही. तुरुंगातून केलेला फोन इथे १ जानेवारी २०२३ पासून फुकट झाला, त्याआधी प्रत्येक मिनिटाचे पैसे घरच्यांनी भरायचे. नाती नेहमी कोणी कापत नाही, ती झिजतात.

मग २०१२ मध्ये त्याच कोठड्यांतल्या, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या चारही बाजूंच्या माणसांनी आपसातलं वैर थांबवायचा जाहीर करार केला. भिंतीच्या पाइपांतून, दाराच्या फटींतून एकमेकांशी बोलून. पुढच्या वर्षी जुलैत राज्यभर ३०,००० कैद्यांनी जेवण नाकारलं. २०१५ मध्ये सरकारनं न्यायालयात तडजोड केली आणि केवळ टोळीच्या नोंदीवरून बेमुदत एकांतवास बंद झाला. अबोली, हे तुमच्यासाठी खास लिहिलं. ती माणसं खुनी होती, मला ते विसरायचं नाही. पण 'वंशाशिवाय तुरुंग चालूच शकत नाही' हे त्यांनीच खोटं पाडून दाखवलं.

सुटण्याबद्दल उद्या लिहिते. आज वर्ग आहे.


अबोली

पारिजात, तो करार माहीत नव्हता. वाचून थांबले थोडा वेळ. उद्याची वाट पाहते.


पारिजात

हं, सुटण्याबद्दल.

दारात २०० डॉलर हातात पडतात. ही रक्कम १९७३ पासून तेवढीच आहे. घरून कपडे आले नसतील तर कपड्यांचे आणि बसच्या तिकिटाचे पैसे त्यातूनच वजा. आत काम केलं असेल तर मजुरी तासाला सेंटांत, आणि भरपाई लागू असेल तर त्यातला मोठा भाग पीडितांच्या भरपाईत जातो. तो जावाच, त्याबद्दल तक्रार नाही.

इथे पॅरोल म्हणजे सुट्टीवर घरी येणं नव्हे. शिक्षा संपल्यावरची देखरेख. ठरल्या वेळी हजेरी, लघवीची तपासणी, परवानगीशिवाय ५० मैलांपलीकडे जायचं नाही, टोळीतल्या कोणाला भेटायचं नाही. सख्खा चुलत भाऊ टोळीत असेल तर त्यालाही. झडती कधीही, वॉरंट लागत नाही आणि संशयही लागत नाही, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. दिग्दर्शक वॉ यांनी चित्रपटासाठी पॅरोल खात्यात स्वयंसेवक म्हणून काम केलं होतं, ते कचरच्या प्रत्येक प्रसंगात जाणवतं. त्याचं दमलेपण खरं आहे.

आणि माणसं? पहिल्या वर्गाला एक गृहस्थ आले, पन्नाशीतले, सव्वीस वर्षं आत काढलेले. वर्गाच्या दारापाशी येऊन थांबले. मला वाटलं लाजतायत. नंतर कळलं, दार कोणीतरी उघडेल याची वाट पाहत होते. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं दार उघडलं नव्हतं. सगळेच पाठ भिंतीला लावून बसतात, म्हणून मी बाकं भिंतींच्या कडेनं लावते आणि स्वतः मध्ये उभी राहते. एकानं मला विचारलं, दुकानात टूथपेस्ट किती प्रकारच्या असतात? तो वीस मिनिटं उभा राहून काहीच न घेता परत आला होता. त्याला रडू आलं होतं हे त्यानं तीन महिन्यांनी सांगितलं.

गोंदण सगळ्यात अवघड. चेहऱ्यावर, मानेवर असतं. लॉस एंजेलिसमध्ये फादर ग्रेग बॉयल यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या कामातून होमबॉय इंडस्ट्रीज ही टोळ्या सोडणाऱ्यांसाठीची संस्था उभी राहिली. बेकरी आहे, एकमेकांचे वैरी एकाच टेबलाशी कणीक मळतात, आणि गोंदण लेसरनं फुकट काढून देतात. एका बैठकीत जात नाही, कित्येक बैठका लागतात, आणि गोंदवतानापेक्षा जास्त दुखतं म्हणतात. जेकबला मी मनातल्या मनात तिथे नेऊन बसवते.

नोकरीचं थोडं सुधारलंय. २०१८ पासून इथे बहुतेक मालकांना नोकरी देऊ केल्याशिवाय जुन्या गुन्ह्याबद्दल विचारता येत नाही. वणवे विझवायला कैद्यांची पथकं पूर्वीपासून जातात, पण सुटल्यावर त्याच माणसांना अग्निशमन दलाची दारं जवळजवळ बंद होती. २०२० च्या कायद्यानं त्यांना गुन्ह्याची नोंद पुसून घेण्याचा अर्ज करता येतो. माझ्या वर्गातला एक जण त्या वाटेवर आहे.

बाकी आकडा तुम्ही शोधलाच असता, मीच सांगते. केंद्रीय न्याय खात्यानं ३० राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्यांचा माग काढला. तीन वर्षांत ६७.८ टक्के पुन्हा पकडले गेले, पाच वर्षांत ७६.६ टक्के. पुन्हा अटक म्हणजे पुन्हा गुन्हा सिद्ध झाला असं नाही. तरीही.


गोगलगाय

दोन दिवस वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

या धाग्यावर मेलेल्या मित्राबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली नाही. तिठा, तुम्ही 'जिवलग मित्र जातो' लिहून पुढे गेलात. चित्रपटही तसाच पुढे जातो. टॉम नाव होतं त्याचं. जेकब मागे कधी फिरू शकला असता? जेवणाच्या टेबलावरून उठताना, किल्ली खिशातून काढण्याआधी. बाकी सगळी वळणं त्यानंतरची.

माझा मामेभाऊ अकरा वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात गेला. शिकायला गेला होता. समोरून येणारा प्यायलेला होता, चोवीस वर्षांचा पोरगा. मामा-मामी तेव्हा तिकडे गेले, न्यायालयात दोनदा बसले. दुभाषा दिला होता, पण मामीला इंग्रजी कळत होतं, ती फक्त बोलत नव्हती. त्या पोरानंही गुन्हा कबूल केला. मामाला शिक्षा कमी वाटली. सरकारी बाजूनं कोणी नीट समजावलं नाही की ही कशी ठरते. मामा ते मनात घेऊनच चार वर्षांनी गेला.

मी हा चित्रपट एकट्यानं पाहिला. मला त्या पोराबद्दल कधी काही वाटलं नव्हतं, राग सोडून. जेकब यार्डात पहिल्यांदा उभा राहतो तिथे मी बंद केला. तो पोरगा कुठे गेला असेल, त्याचं आत काय झालं असेल, हा विचार अकरा वर्षांत पहिल्यांदा आला आणि तो आला याचाच मला राग आला. मामाशी बेइमानी केल्यासारखं वाटलं.


तिठा

गोगलगाय, तुमची माफी मागतो. टॉमचं नाव मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. माझा प्रश्नच उशिरा सुरू झाला होता.


अबोली

गोगलगाय, लिहिलंत ते बरं केलंत. ही बेइमानी नाही असं मला वाटतं, पण हे मी सांगून उपयोग नाही, कळतं मला.


काजवा

माझ्या पहिल्या प्रतिसादात 'पहिल्या दिवशी हात उचलला ते समजू शकतो' लिहिलं, त्यात मीही अपघात आधीच माफ करून टाकला होता. आत्ता लक्षात आलं.


पारिजात

गोगलगाय, काय लिहू. वर्गात अशा गुन्ह्यातलेही येतात. तुमच्या भावाच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून फक्त एक गोष्ट सांगते. ती तुम्हाला नको असेल तर सोडून द्या.

इथे गुन्हेगाराला पीडितांच्या घरच्यांशी परस्पर संपर्क करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण राज्याच्या तुरुंग खात्यात पीडितांसाठीचा विभाग आहे. कैद्यानं आपल्या गुन्ह्याची जबाबदारी घेणारं पत्र लिहिलं तर तो विभाग ते ठेवून घेतो. पाठवत नाही. घरच्यांनी कधी स्वतःहून विचारलं तरच देतात, नाही विचारलं तर ते तिथेच पडून राहतं. माझ्या वर्गातल्या एकानं असं पत्र लिहायला आत चार वर्षं घेतली. 'मला वाईट वाटतं' हे वाक्य काढून टाकायलाच त्याला वर्ष लागलं, कारण शिकवणाऱ्यानं विचारलं होतं, यात तू आहेस, ते कुठे आहेत? ते पत्र कोणी मागितलेलं नाही. त्यानं ती अपेक्षाही ठेवलेली नाही.

दोन्ही बाजूंची तयारी असेल तर समोरासमोर भेटही घडवतात, महिनोन्महिने तयारी करून. ती घरच्यांनी मागितली तरच.


खिडकीपाशी

म्हणजे त्या पोरानं लिहिलं असेलच असं नाही?


पारिजात

नाही. असेलच असं अजिबात नाही. म्हणूनच सांगताना बिचकत होते.


गोगलगाय

पारिजात, त्या विभागाकडे अर्ज कसा करायचा ते व्यक्तिगत निरोपात कळवा. नातेवाईक म्हणून नाव नोंदवावं लागत असेल तर मामीचंच नोंदवावं लागेल, ती आई आहे.

आत्ता तिच्याशी बोललो. सगळं सांगितलं, चित्रपटाचं सोडून. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, असेल तर मागवून ठेव. तुझ्याकडेच ठेव, फोडू नको. मला वाचावंसं वाटलं तर मी सांगेन.